तात्या विंचू बघायचाय? मग शेजारी बस

बयो,

परवा फोनवर तुझा प्रश्न अर्धाच राहिला. "ताई, दिवाळीच्या सुट्टीत पोरांना 'झपाटलेला' दाखवू का गं? धाकटी घाबरायची नाही ना?" एवढं तू विचारलंस आणि मागे दोघांचं रिमोटवरून सुरू झालं. फोन ठेवावा लागला. तसंही हे घाईघाईत सांगण्यासारखं नाहीच. म्हणून आज निवांत लिहिते.

दाखव. अगदी जरूर दाखव. फक्त एक अट आहे, आणि ती पोरांना नाही, तुला आहे. सिनेमा सुरू झाल्यापासून संपेपर्यंत तू त्यांच्या शेजारी बसायचं. चकल्या तळायला उठायचं नाही, फोन आतल्या खोलीत ठेवायचा, "तुम्ही बघा, मी आलेच" म्हणायचं नाही. हे जमणार नसेल तर यंदा राहू दे. तो सिनेमा काही कुठे पळून जात नाही.

मी एवढी अडून का बसले आहे ते सांगते. तुला आठवतंय ना, गणपतीत आपल्या गल्लीत पडदा लागायचा? रस्त्याच्या मधोमध बांबू रोवून पांढरा पडदा ताणायचे आणि प्रोजेक्टरवाला आला की सगळी गल्ली सतरंज्या घेऊन खाली उतरायची. पुढे जागा मिळाली नाही की पडद्याच्या मागच्या बाजूला बसायचं. तिथून सगळं उलटं दिसायचं, सगळी माणसं डावखुरी आणि नावांची अक्षरं आरशातल्यासारखी, पण मजेत तसूभर उणं पडायचं नाही. त्या पडद्यावर तुझी नि 'झपाटलेला'तल्या त्या जिवंत बाहुल्याची, तात्या विंचूची पहिली भेट झाली. तो डोळे गरगर फिरवायला लागला तशी तू माझ्या फ्रॉकचा घोळ मुठीत घट्ट धरलास. तेवढ्यात शेजारच्या काकू मोठ्यांदा "अगं बाई!" म्हणून किंचाळल्या, मागून एका दादाने त्यांची नक्कल केली आणि अख्खी गल्ली हसली. तूही हसलीस. मूठ काही सोडली नव्हतीस, पण हसत होतीस.

मला त्या सिनेमाचं सगळ्यात मोलाचं काही वाटत असेल तर ते हेच. भीती वाटली, आणि त्याच क्षणी आपल्यासारखीच भीती वाटलेली माणसं दोन्ही बाजूंना बसलेली होती. आता तुझी धाकटी तोच सिनेमा सोफ्याच्या कोपऱ्यात, कानात इअरफोन घालून, एकटी बघायला लागली तर बाहुला तोच असेल, डोळेही तेच असतील, पण किंचाळणाऱ्या काकू नसतील. मग नुसती भीतीच उरते गं. आणि ती रात्री अंथरुणात बरोबर येते.

आता तू म्हणशील, एवढं असेल तर हाच सिनेमा का? सुट्टीत दाखवायला दुसरं काही नाही का? आहे की. पण घरातल्या सगळ्यांनी मिळून बघण्यासारखी अद्भुत आणि विनोदी मराठी गोष्ट म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा हीच येते. त्याचं कारण मला बऱ्याच उशिरा उमगलं.

'झपाटलेला' आला १९९३ साली. मूळ कल्पना अमेरिकेतल्या 'चाइल्ड्स प्ले' या १९८८ सालच्या सिनेमावरून सुचलेली. तिथेही एक खुनी मरता मरता मंत्रतंत्राने आपला जीव एका बाहुल्यात घालतो आणि पुन्हा माणसाचं शरीर मिळवायला धडपडतो. पण तो सिनेमा मुलांना दाखवायचा नाही बरं का! तो निव्वळ भयपट आहे, मोठ्यांसाठी केलेला. आणि त्यात तो बाहुला येतो सहा वर्षांच्या मुलाच्या घरी. म्हणजे तुझ्या धाकटीएवढं पोर, त्याच्या खोलीत तो बाहुला, आणि आई म्हणते, असं काही नसतं रे बाळा. मुलाच्या डोळ्यांनी बघितलंस तर यापेक्षा भयंकर काही नाही.

दिग्दर्शक महेश कोठारे यांनी नेमका हाच सांधा बदलला. त्यांनी त्या सहा वर्षांच्या मुलाच्या जागी लक्ष्याला बसवलं. लक्ष्मीकांत बेर्डे! वाढलेला बाप्या, पण मनाने पोर. बोलक्या बाहुल्यांचं वेड असलेला, आईच्या पदराला धरून असलेला, गावात कुणी फारसं मनावर न घेणारा लक्ष्या. एवढ्या एका बदलाने सगळा तोल फिरला बघ. आता पडद्यावर संकटात सापडलेला माणूस बघणाऱ्या मुलापेक्षा भोळा आहे. मुलाला लक्ष्याच्या आधी कळतं की बाहुला जिवंत आहे. मुलगा ओरडून सांगतो, "अरे लक्ष्या, मागे बघ, मागे!" आणि लक्ष्या बघत नाही. जे पोर एरवी पांघरुणात तोंड खुपसून बसलं असतं, ते इथे उभं राहून पडद्यावरच्या मोठ्या माणसाला सांभाळायला धावतं. तू बघच, तुझी धाकटी पहिल्या अर्ध्या तासात तुला चिकटेल आणि नंतर लक्ष्याला सूचना द्यायला लागेल. तिला अडवू नकोस. "शांत बस, ऐकू येत नाही" असं तर मुळीच म्हणू नकोस. हा गप्प बसून बघायचा सिनेमाच नाही.

कोठारे यांना हे साधलं यात मला नवल वाटत नाही. ते स्वतः लहानपणी कॅमेऱ्यापुढे वाढलेले. १९६३ च्या 'छोटा जवान'मधला तो मुलगा तेच, आणि १९६८ च्या हिंदी 'राजा और रंक'मध्येही तेच. मुलाला कुठे हसू येतं, कुठे त्याचा श्वास अडकतो आणि कुठे ते कंटाळून चुळबुळ करतं, हे त्यांना आतून ठाऊक असणार असं मला नेहमी वाटतं. 'झपाटलेला'त भीतीचा प्रसंग फार वेळ ताणलेला नाही. जरा छाती धडधडली की लगेच कुणीतरी धडपडतं, नाहीतर हवालदार झालेले विजय चव्हाण काहीतरी बोलतात आणि आपण हसून मोकळे होतो. 'मोरूची मावशी' गाजवलेला माणूस तो. नुसता उभा राहिला तरी हसू यायचं.

आणि लक्ष्याची आई! मधू कांबीकर. मोठ्यांनी हा सिनेमा पुन्हा बघताना या आईकडे नीट बघावं, असं मला मनापासून वाटतं. आपल्या लेकाला लोक खुळा म्हणतात हे तिला कळतं, तो जे सांगतोय ते तिच्या समजुतीपलीकडचं आहे, तरी तिचा जीव त्याच्याभोवतीच घोटाळतो. लहानपणी आपण बाहुल्याकडे बघत होतो. आता तू आईकडे बघशील. तुझा थोरला शाळेतलं काहीतरी अचाट सांगत येतो आणि तू "काहीतरीच काय" म्हणून त्याला उडवून लावतेस ना, त्या जागी तुझं तुलाच काही जाणवेल. मी अधिक बोलत नाही.

आता धाकटीच्या भीतीचं. मुलं सहा-सात वर्षांची होईपर्यंत "ते सगळं खोटं असतं" या वाक्याचा फारसा उपयोग होत नाही, हे मी घरातल्या पोरांकडे बघून सांगते. त्यांना ते डोळ्यांपुढे दिसतंय ना, मग खोटं कसं? त्या वयात समजावणी चालत नाही, ऊब चालते. मांडीवर घे, हात हातात धर, तोंडात शंकरपाळं दे, आणि तिने डोळे झाकले तर झाकू दे. कान उघडे असतात, बोटांच्या फटीतून बघणंही चालू असतं. स्वतःला हवं तेवढंच बघायचं हे ती आपलं आपण शिकते आहे, आपण मध्ये पडायचं नाही. "भित्री भागूबाई" असं कुणी म्हणालं, अगदी थोरला म्हणाला तरी, तिथल्या तिथे थांबव.

वेळ दुपारची घे. जेवणं झाली की पडदे न ओढता लाव, खोलीत उजेड असू दे. सिनेमा सव्वादोन-अडीच तासांचा आहे. मध्यंतराला खरंच थांब, सगळ्यांना उठव, पाणी पी, अंगणात एक चक्कर मारून या. संपल्यावर संध्याकाळ शिल्लक राहिली पाहिजे, म्हणजे खाली जाऊन मुलं तात्या विंचू-तात्या विंचू खेळतील. एक जण बाहुल्यासारखा ताठ चालेल, बाकीचे पळतील. त्या खेळातच निम्मी भीती जिरते. रात्री नवाला सिनेमा लावून साडेअकराला पोरांना झोपवायला नेलंस तर सगळं मुसळ केरात.

आणि बाहुला हलवतं कोण, हे आधी सांगू नकोस हं. मला माहितीये, तू आई आहेस, तुला वाटणार की आधीच सांगून टाकावं म्हणजे घाबरणार नाहीत. नको. आधी त्यांना तात्या विंचू खरा वाटू दे. तो मान त्यांच्या हक्काचा आहे. सिनेमा संपला, दिवे लागले, फराळ पुढे आला, की मग गुपित उघडायचं. ते गुपित सिनेमाइतकंच सुरस आहे, म्हणून ते राखून ठेव.

पहिलं गुपित आवाजाचं. थोरल्याने 'बोक्या सातबंडे' वाचलंय ना? त्याला विचार, बोक्याच्या गोष्टी कुणी लिहिल्या? तो सांगेल, दिलीप प्रभावळकर. मग म्हणावं, आणि तात्या विंचू कोण झाला होता? त्याचा चेहरा बघण्यासारखा होईल. ज्या माणसाने तो उचापती, गोड मनाचा पोरगा लिहिला, तोच हा खुनशी घोगरा आवाज. पुढे त्याला 'श्रीयुत गंगाधर टिपरे'मधले आबा दाखव, 'लगे रहो मुन्नाभाई'मधले गांधीजी दाखव, जरा मोठा झाला की 'चौकट राजा' दाखव. एकाच माणसाच्या गळ्यात इतकी माणसं राहतात, हे कळलं की मुलाला त्या आवाजाची भीती उरत नाही, कुतूहल वाटायला लागतं. धाकटीलाही सांग, ते आजोबा खूप छान आहेत, मुलांसाठी गोष्टी लिहितात. हे तिला "खोटं असतं गं" पेक्षा कितीतरी जास्त पटेल.

दुसरं गुपित बाहुल्याचं. आणि इथे तुझ्या सासूबाईंना बोलाव. सिनेमालाच बोलाव खरं तर, त्या आतल्या खोलीत एकट्या बसून काय करणार? त्या म्हणतील, मला नको बाई ते भुताखेतांचं. त्यांना म्हणावं, आई, हा बाहुला रामदास पाध्यांचा आहे. बघ त्या कशा सरसावून बसतात ते! त्यांच्या पिढीला पाध्ये म्हटलं की अर्धवटराव हा बोलका बाहुला आठवतो. यशवंत केशव पाध्ये यांनी तो रंगमंचावर आणला, आपल्याकडे शब्दभ्रमाची कला त्यांनी रुजवली आणि मुलगा रामदास यांनी तो वारसा उचलला. बरं, रामदास पाध्ये शिकलेले इंजिनिअर. बाहुल्याच्या आत कुठली तार ओढली की पापणी मिटेल आणि कुठल्या खटक्याने जबडा हलेल, हे काम इंजिनिअरच्याच डोक्याचं, नाही का? पुढे त्यांचे मुलगे सत्यजित आणि परीक्षितही याच वाटेने गेले. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला तो हसरा ससा आठवतो? तोही पाध्यांचाच. एकाच घरातून तात्या विंचू आला आणि ससाही आला, हे धाकटीला सांगितलंस की तिचं काम झालंच म्हणून समज.

सासूबाईंकडून अर्धवटरावाच्या आठवणी काढून घे. दूरदर्शनवर कसा यायचा, काय फटकळ बोलायचा, घरचे सगळे कसे गोळा व्हायचे. अशा वेळी आजी बोलते आणि नातवंडं ऐकतात, हे एरवी किती दुर्मीळ झालंय तुझ्या घरी, ते तूच मला सांगितलं होतंस. टीव्ही बंद झाल्यावरचा हा अर्धा तास मला सिनेमाच्या अडीच तासांइतकाच महत्त्वाचा वाटतो.

मग मुलांकडून शब्दभ्रमाची युक्ती करून घे. आरशासमोर उभं करायचं. दात अलगद जुळवायचे, ओठ किंचित उघडे आणि अगदी स्थिर. आता बोला: "काका, गाडी आली." सहज जमतं. जिभेने काम होतं, ओठांना काही करावं लागत नाही. आता म्हणा: "मामा, पपई." झाली पंचाईत! प, फ, ब, भ, म ही अक्षरं ओठाला ओठ लावल्याशिवाय निघतच नाहीत. शब्दभ्रमकार इथे फसवतो. तो त्या अक्षराच्या जवळचं, जिभेने निघणारं दुसरं अक्षर इतक्या चपळाईने वापरतो की आपला कान आपणहून दुरुस्ती करून घेतो. आणि आपला डोळा जो हलतोय त्याच्याकडे जातो. बाहुल्याचा जबडा हलतो, माणसाचे ओठ स्थिर, म्हणजे बोलतोय तो बाहुलाच, अशी मन स्वतःची समजूत घालतं. थोरला यात आठवडाभर गुंतून राहील बघ. त्याच्या वयाला कोडं हवंच असतं. धाकटीला जुना मोजा दे, टाचेपाशी तोंड, वर दोन बटणं शिवून डोळे, लोकरीचे केस. हातात घातला की तिचा स्वतःचा बाहुला, तिने बोलवलं तर बोलणारा, तिने गप्प केलं की गप्प. घाबरलेल्या मुलाच्या हातात बाहुल्याचा जबडा देणं, याहून चांगलं औषध मला ठाऊक नाही.

थोरला नाक मुरडेल, हे धरून चाल. "आई, ग्राफिक्स काहीच नाहीयेत यात." रोज त्याच्या डोळ्यांपुढे संगणकावर घडवलेली अख्खी विश्वं असतात, त्याचं म्हणणं खोटं नाही. त्याच्याशी वाद घालू नकोस. त्याला काम दे. म्हणावं, नीट बघ, बाहुला चालतो तेव्हा कॅमेरा कुठे आहे? पूर्ण बाहुला दिसतो की नुसते पाय? ज्या प्रसंगात तो बोलतो त्यात दुसरी माणसं किती जवळ आहेत? त्याला धरणारा माणूस कुठे लपला असेल? एकदा हा शोध सुरू झाला की पोरगा सिनेमा पुन्हा लावायला सांगेल. खरीखुरी वस्तू, खरे हात, खरा दिवा, आणि त्यातून थरकाप उडवायचा, यात कष्ट किती आहेत हे त्याला आपोआप कळेल. मी जुन्या गोष्टींचं उगाच कौतुक करत नाही हे तुला माहितीये. पण बाहुल्याच्या त्या तोंडावर जो खुनशी भाव येतो तो मला आजही थक्क करतो.

काही गोष्टी मात्र बोलाव्या लागतील. सिनेमातला मांत्रिक बाबा चमत्कार आणि जीव बाहुल्यात घालणारा त्याचा तो मृत्युंजय मंत्र. मुलं तो मंत्र पाठ करतील, एकमेकांवर टाकतील, पायपुसणं पांघरून बाबा होतील. होऊ दे. पण गोष्टीतला मंत्र गोष्टीतच चालतो, खऱ्या आयुष्यात असा दावा करणारा बाबा भेटला तर त्याच्यापासून लांब राहायचं, हे थोरल्याला स्पष्ट सांग. महाराष्ट्रात २०१३ पासून अघोरी प्रथा आणि जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, हेही त्याला कळू दे. कायदा म्हटला की त्याला पटतं. दुसरं, लक्ष्या खरं सांगतोय आणि सगळे त्याला वेड्यात काढतात. तिथे हशा आहे. पण तुझी मुलं हळवी आहेत, कुणीतरी विचारेल की त्याचं कुणी ऐकत का नाही? त्या प्रश्नाला घाईने उत्तर देऊ नकोस. त्यांना विचार, तुमचं कधी कुणी ऐकलं नाही असं झालंय? आणि मग ऐक. मारामाऱ्या, बंदुका त्या काळच्या हिशेबाने भरपूर आहेत, आणि नायिकांच्या वाट्याला फारसं काही येत नाही, तेही तुझ्या नजरेतून सुटणार नाही. तेवढ्यासाठी सिनेमा टाकून द्यावा असं मला वाटत नाही. थोरल्याशी त्यावर दोन वाक्यं बोलता आली तर बोल.

आणि एक प्रश्न नक्की येईल, त्याची तयारी ठेव. "आई, लक्ष्या आता काय करतो?" मुलांना तो इतका आवडतो की त्यांना त्याला भेटायचं असतं. लक्ष्मीकांत बेर्डे गेले १६ डिसेंबर २००४ ला. सरळ सांग. "तो देवाघरी गेला, पण..." असं काही गुंडाळू नकोस. तो आता नाही, आम्ही लहान होतो तेव्हा तो होता, आणि तो गेला तेव्हा मावशी आणि मी खूप रडलो होतो, असं सांग. धाकटी जरा गप्प बसेल. मग विचारेल, त्याचे आणखी सिनेमे आहेत का? आहेत म्हणावं, पुष्कळ आहेत. एखादा माणूस नसला तरी तो आपल्याला हसवू शकतो, हे मुलांना असं कळावं, असं मला फार वाटतं.

'झपाटलेला २' मुलांनी मागितला तर नंतर दे. तो वीस वर्षांनी, २०१३ मध्ये आला, थ्रीडी होता, त्यात आदिनाथ कोठारे आहे. आधी जुनाच, लक्ष्याचाच. आणि धाकटीला पहिल्या पंधरा मिनिटांतच खरोखर सहन झालं नाही, ओठ थरथरायला लागले, तर बंद कर. तिच्यामुळे बंद केला असं थोरल्यासमोर म्हणू नकोस; मलाच आज नको वाटतंय म्हण. त्याऐवजी 'धडाकेबाज' लाव. तो १९९० चा, पुन्हा कोठारे आणि लक्ष्याच. बाटलीतून निघणारा चिमुकला गंगारामही लक्ष्याच आहे, आणि तो मदतीला येणारा आहे. कवट्या महाकाळ दिसायला भयंकर, पण शेवटी मुखवटा घातलेला माणूस. लहान मुलाला मुखवटा पेलतो. जिवंत होणारं खेळणं जड जातं, कारण खेळणं त्याच्या स्वतःच्या कपाटात असतं. पुढच्या सुट्टीला ती एक वर्षाने मोठी असेल, तेव्हा तात्याकडे वळा.

त्या रात्री तिच्या बाहुल्या कपाटाबाहेर असतील तर तिला विचार, कुठे ठेवू? ती म्हणेल तिथे ठेव. भिंतीकडे तोंड करून ठेव म्हणाली तर तसं. बाबांनी तुझी निळ्या डोळ्यांची बाहुली महिनाभर रोज रात्री स्वयंपाकघरात फळीवर नेऊन ठेवली होती आणि सकाळी तू उठायच्या आत परत आणली होती. एका शब्दाने हसले नाहीत तुला. मला ते नीट आठवतं.

भाऊबीजेला इकडे येताय तेव्हा मी 'एक डाव भुताचा' काढून ठेवते. १९८२ चा आहे. त्यात अशोक सराफ भूत आहे आणि प्रभावळकर साधेसुधे मास्तर, म्हणजे तुझ्या मुलांना तात्या विंचू अगदी गरीब गाय झालेला दिसेल. सासूबाईंनाही घेऊन ये, त्यांना द. मा. मिरासदारांचे संवाद आवडतील. आणि सोमवारी बघणार असशील तर मंगळवारी सकाळी फोन कर, धाकटीकडे फोन दे. कुठे डोळे झाकले आणि कुठे लक्ष्याला ओरडून सांगितलं, ते मला तिच्याकडूनच ऐकायचंय.

तुझी ताई